बिनवाटेच्या शिखरांवर ऑक्टोबर ते जून: आरशाच्या होकायंत्राचा अनुभव

न्यूयॉर्क शहरापासून गाडीने अडीच-तीन तासांवर कॅट्सकिल डोंगर आहेत. तिथल्या ३५०० फुटांवरच्या शिखरांची एक यादी आहे आणि हौशी लोक ती वर्षानुवर्षं पूर्ण करत असतात. यादीतल्या पुष्कळ शिखरांवर खुणा केलेली वाट जाते, पण फ्रायडे, बाल्सम कॅप, रॉकी, लोन, फर अशा काहींना अधिकृत वाट नाहीच. गाडी लावायची, नकाशा उघडायचा आणि रानात शिरायचं. माझे पाय सह्याद्रीत तयार झाले, आता घर न्यू जर्सीत. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आरसा असलेलं, डिक्लिनेशन (खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला कोन) जुळवता येणारं होकायंत्र घेतलं आणि जूनपर्यंत मुख्यतः याच शिखरांवर वापरलं. आपल्याकडचे बरेच ट्रेकर हल्ली या डोंगरांत भेटतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. ज्या सोयींबद्दल लिहिलंय त्या एकाहून जास्त कंपन्यांच्या होकायंत्रांत मिळतात.

आधी डिक्लिनेशन, कारण जास्तीचे पैसे त्याचेच पडतात. महाराष्ट्रात खरी उत्तर आणि सुईने दाखवलेली उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. त्यामुळे राजगड-तोरणा करताना हा हिशेब कुणी शिकवत नाही, गरजच पडत नाही. कॅट्सकिल्समध्ये सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १३ अंश पश्चिमेला वळलेली असते. नकाशावरून काढलेला दिशेचा कोन तसाच लावून निघालात, तर एका किलोमीटरला साधारण २३० मीटर डावीकडे सरकाल. उघड्या डोंगरावर हे डोळ्यांनी सावरता येतं. इथे झाडी पार माथ्यापर्यंत आहे आणि शिखर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. अशा रानात २३० मीटर म्हणजे डोंगराची दुसरीच सोंड, दुसराच ओढा.

माझ्या होकायंत्राच्या पाठीला एक बारीक स्क्रू आहे. तो फिरवायची इवलीशी किल्ली गळ्यातल्या दोरीलाच अडकवलेली मिळते. घरी बसून एकदा १३ पश्चिम लावलं की झालं. त्यानंतर नकाशावरचा कोन तोच जमिनीवरचा कोन. बेरीज करायची की वजाबाकी, हा प्रश्न भर पावसात, दमलेल्या डोक्याने सोडवावा लागत नाही. या एका सोयीसाठी मी हे यंत्र पुन्हा घेईन. फक्त जुन्या नकाशाच्या कडेला छापलेला आकडा वापरू नका. चुंबकीय उत्तर दरवर्षी थोडी सरकते. अमेरिकी सरकारच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर कुठल्याही जागेचा चालू आकडा मिळतो.

दुसरी बाब सुईच्या तोलाची. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुईला आडवं फिरवतं तसं खालीही ओढतं. महाराष्ट्रात ही ओढ तुलनेने कमी, न्यूयॉर्कमध्ये तिचा कोन ६५ अंशांच्या पुढे. म्हणून सुया वेगवेगळ्या प्रदेशांसाठी तोलून बनवतात. पुण्याहून आणलेलं माझं जुनं होकायंत्र इथे सुईचं टोक तळाला घासत अडकत चालायचं, ते याचमुळे. नव्या यंत्राची सुई कुठल्याही प्रदेशात चालणारी आहे. हात थोडा तिरपा असला तरी ती मोकळी फिरते, आणि झुडपांत उभं राहून हात सपाट धरणं फार क्वचित जमतं. भारतवारीत हेच यंत्र सह्याद्रीतही वापरायचं असेल तर अशीच सुई मागा. (हा सगळा विषय आपल्या अगदी घराजवळचा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या प्रवाहाने मोजमापं बिघडली असती.)

आता प्रत्यक्ष चालण्याबद्दल. खालच्या टप्प्यात मेपल, बीच, पिवळा बर्च अशी पानगळीची झाडं असतात. ऑक्टोबरअखेर पानं गळाली की रान मोकळं होतं आणि समोरची धार फांद्यांमधून दिसते. तेव्हा आरशाचं झाकण अर्धं उघडायचं, खाचेतून लांबचं एखादं ओळखू येणारं झाड टिपायचं, त्याच वेळी आरशात सुई जागेवर आहे ना ते बघायचं आणि यंत्र मिटून त्या झाडापर्यंत खुशाल चालायचं. वर बाल्सम फर आणि लाल स्प्रूस सुरू झाले की चित्र पालटतं. करवंदीच्या जाळीत शिरल्यासारखं वाटतं, फक्त ही जाळी डोक्याच्या वर असते आणि पायांत पडलेल्या झाडांचा ढीग. तिथे पाच पावलांपलीकडे काही दिसत नाही. अशा वेळी सोबत्याला पुढे पाठवायचं, हाक मारून रेषेत आणायचं आणि आपण तिथवर पोचायचं. हळू होतं, पण भरकटत नाही.

हे डोंगर वाळूच्या खडकाच्या आडव्या थरांचे आहेत, आपले लाव्ह्याच्या थरांचे. खडक वेगळा, घडण मात्र एकसारखी: पठार झिजून उरलेल्या पायऱ्या, कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा. फ्रायडेच्या वरच्या भागातल्या कड्यांपाशी सह्याद्रीची सवय मला फार कामी आली. कडा लागला की त्याच्या पोटाने आडवं जायचं आणि फट शोधायची, जशी आपण नाळ (कड्यातली चिंचोळी घळ) शोधतो. मात्र आडवं जाताना किती पावलं आणि कुठल्या बाजूला, हे लक्षात ठेवायलाच हवं. वर आल्यावर तेवढंच परत सरकून मूळ रेषा धरायची. अमेरिकी भूसर्वेक्षणाच्या १:२४,००० नकाशावर या भागात समोच्च रेषा २० फुटांच्या अंतराने आहेत. दहा-बारा फुटांचा कडा दोन रेषांच्या मध्ये लपतो, नकाशात दिसतच नाही.

चढताना सगळ्या सोंडा एकाच माथ्याकडे जातात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी वर चढत राहिलं की शिखर सापडतं. उतरताना त्याच सोंडा फाकत जातात. माथ्याजवळ वीस पावलांचा फरक खाली गेल्यावर दीड-दोन किलोमीटरचा होतो. म्हणून माझा नियम: शिखरावर डबा उघडायच्या आधी उतरण्याच्या दिशेचा कोन लावून ठेवायचा, आणि पहिली २०० मीटर दर दहा-वीस पावलांनी सुई बघायची. खाली ओढा किंवा रस्ता गाठायचा असेल तर नेम मुद्दाम एका बाजूला धरायचा. मग ओढ्यावर पोचल्यावर गाडी डावीकडे की उजवीकडे, याचा विचार करावा लागत नाही.

फोनमध्ये नकाशे मीही ठेवते आणि आपण नक्की कुठे आहोत याची खातर करायला वापरते. पण काटेरी फांद्यांतून जाताना दोन्ही हात लागतात, आणि जानेवारीच्या थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरते. होकायंत्र छातीपाशी लटकतं, एका नजरेत कळतं. फक्त ते फोनजवळ ठेवू नका. चुंबक असलेलं फोनचं कव्हर किंवा पाण्याच्या नळीची चुंबकी चाप सुईला खेचते, आणि बराच काळ चिकटून राहिली तर सुईची दिशा उलटीही होऊ शकते. मी फोन पाठीवरच्या पिशवीत टाकते.

काही उणिवा. गळ्यातली दोरी स्प्रूसमध्ये सारखी अडकते. मी ती खांद्याच्या पट्ट्याला, ओढ बसली की सुटेल अशा गाठीने बांधली. जाड हातमोज्यांत फिरती चकती नीट पकडता येत नाही. बिजागरीत फरची पानं अडकतात, घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने काढावी लागतात. अंधारात चमकणारा रंग तासाभरात मंदावतो, तेव्हा कपाळावरचा दिवा हवाच. फेब्रुवारीत द्रवात बारीक बुडबुडा आला होता, तो घरच्या उबेत गेला. न जाणारा किंवा सुईला अडवणारा बुडबुडा असेल तर यंत्र बदलून घ्या.

होकायंत्राबरोबर आणखी काही गोष्टी लागतात. डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा, कारण सुकलेल्या फांद्या नेमक्या डोळ्याच्या उंचीवर असतात. उन्हाळ्यात पूर्ण बाह्या आणि जाड पँट, कारण ओलसर जागी खाजवणारी नेटल कमरेपर्यंत वाढते. गोचिड्यांसाठी मोजे पँटच्या बाहेर, आणि घरी आल्यावर अंगभर तपासणी. ‘लाइम’ आजार या भागात सर्रास आहे, तो हलक्यात घेऊ नका. बर्फात छोट्या स्प्रूसच्या बुंध्याजवळ पोकळी असते, पाय कमरेपर्यंत आत जातो. तिथून लांबून फिरा.

यादीमुळे गर्दी वाढली आणि बऱ्याच शिखरांवर आता ढोरवाटांसारख्या पायवाटा पडल्या आहेत. रॉकी, बाल्सम कॅप, फ्रायडे यांच्यामधल्या धारेवर तर ठळक. अशी वाट असेल तर तिच्यावरूनच चाला, शेजारी दुसरी पाडू नका. जिथे वाट नाही तिथे एकामागोमाग एक न जाता पसरून चाला, म्हणजे नवी पडणार नाही. झाडांवर रंगीत फिती बांधू नका. जूनमध्ये फरच्या झाडीत बिकनेल्स थ्रश हा पक्षी घरटं करतो. १८८१ मध्ये तो पहिल्यांदा याच डोंगरांतल्या स्लाइड शिखरावर टिपला गेला आणि आजही त्याला राहायला अशा माथ्यांचे थोडे तुकडेच उरले आहेत. त्या महिन्यात फरच्या दाटीत घुसणं टाळा. खाजगी जमिनीच्या पाट्याही पाळा. ग्रॅहम आणि डबलटॉप ही दोन शिखरं मालकांनी २०२१ मध्ये बंद केली.

खुणा केलेल्या वाटांवरच चालणार असाल तर एवढ्या महाग यंत्राची गरज नाही, पारदर्शक पट्टीवर बसवलेलं साधं होकायंत्र पुरे. रानात शिरणार असाल तर डिक्लिनेशनचा स्क्रू आणि कुठेही चालणारी सुई या दोन बाबतींत तडजोड करू नका. आरसा परवडत नसेल तर सोडा, त्याच्याशिवाय भागतं. विकत घेताना दुकानातच तीन-चार नगांच्या सुया एकमेकींपासून हातभर लांब ठेवून बघा. एखादी वेगळी दिशा दाखवत असेल तर ती बाजूला ठेवा. आणि किल्लीला लगेच एक लाल धागा बांधा, पाल्यात पडली तर सापडत नाही.