हौद्यात केमिकल सांडलं: लायनरला पॅच मारायचा की सगळं नव्याने स्प्रे करायचं?

नवी मुंबईतल्या पावणे-तुर्भे कारखान्यांच्या पट्ट्यात माल वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यात आज ना उद्या काहीतरी सांडतंच, आणि लायनर, म्हणजे पत्र्यावर स्प्रे केलेला संरक्षक थर, खराब होतो. माझ्या गाडीत गेल्या वर्षी आधी थिनरचा कॅन गळला आणि महिन्याभराने जुनी बॅटरी आडवी झाली. दोन्ही डाग तळहाताएवढेच. थिनरच्या डागाला पॅच पुरला, बॅटरीच्या डागाला नाही.

थिनरने लायनर फुगतो, मऊ पडतो, बोटाला चिकटतो. बघून जीव घाबरतो, पण थिनर उडून जातो. चार-पाच दिवस हौदा उघडा ठेवला तर बराचसा भाग पुन्हा कडक होतो. तोवर काही लावू नका, कारण आत राहिलेला थिनर वरचा नवा थर उचलतो.

बॅटरीचं अ‍ॅसिड म्हणजे पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक. त्यातलं पाणी सुकतं, अ‍ॅसिड मात्र मागे राहतं आणि आणखी जहाल होतं. बोल्टच्या भोकातून, फाळक्याजवळच्या कडेतून, जुन्या ओरखड्यातून ते पत्र्यापर्यंत पोचतं. वरून लायनर धडधाकट, खाली गंज. मी घाईने पॅच मारला आणि दोन महिन्यांत त्याच्या शेजारीच फुगा आला. ग्राइंडर लावल्यावर वीतभर पत्रा लाल निघाला. अ‍ॅसिड सांडलं की लगेच खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत टाकत राहा, मग भरपूर पाण्याने धुवा. थिनर मात्र चिंध्यांनी टिपून घ्या, नाल्यात सोडू नका. इथले नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि २०२२ पासून ती खाडी रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

पॅच स्वस्त आहे आणि गाडी दिवसा-दोन दिवसांत धंद्याला लागते. पण डागाच्या कडा पत्र्याला घट्ट असतील तरच तो धरतो. भोवतीचा दोन-तीन इंच भाग पॉलिश पेपरने खरखरीत करावा लागतो. रंग जुळणार नाही, जुना थर उन्हाने विटलेला असतो. हाताने लावायचं पॉलियुरेथेनचं किट असेल तर पावसाळ्यात थांबाच. दमट हवेतल्या पाण्याशी त्याची क्रिया होऊन गॅस सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात.

पूर्ण स्प्रे महाग पडतो, त्यात जुना थर खरवडणं, गंज काढणं, प्रायमर अशी दोन-तीन दिवसांची खोटी. पण पत्रा डोळ्यांना दिसतो, आणि अ‍ॅसिडच्या बाबतीत मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. गरम करून दाबाने मारलेला पॉलियुरिया (स्प्रे लायनरचा एक प्रकार) काही सेकंदांत घट्ट होतो, त्यामुळे हवेतल्या दमटपणाचा त्याला फारसा त्रास नाही. पत्रा मात्र कोरडा ठणठणीत हवा. हे काम घरच्या पार्किंगमध्ये करू नका. स्प्रेच्या वाफेतलं आयसोसायनेट हे रसायन छातीला वाईट, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही.

वरून बसवायचा प्लास्टिकचा तयार लायनर मी घेणार नाही. अ‍ॅसिडला तो टिकतो, पण सांडलेलं आणि पावसाचं पाणी त्याच्याखाली साचून राहतं.

ठरवण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डागाभोवती फूटभर ठोकून बघा. आवाज सगळीकडे भरीव आला तर पॅच. एकाही जागी पोकळ वाजलं तर तिथला थर कापून पत्रा बघा. गंज दिसला की निदान तळ तरी पूर्ण स्प्रे करून घ्या. मी तेच केलं, आणि आता बॅटऱ्या कडा असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उभ्या बांधूनच नेतो.