क्रिमिनॉलॉजीत रिसर्च करायचाय: पीएचडी की संस्थेतलं काम?

एमए झालं, आता पुढे काय, हे मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकते. आधी एक क्लिअर करू, क्रिमिनॉलॉजीत (म्हणजे गुन्हेगारीच्या अभ्यासात) खुनी शोधायचे नसतात. माणूस पकडल्यानंतर त्याचं काय होतं, जामीन का अडतो, तारखांवर तारखा का पडतात, हे शोधायचं असतं.

पीएचडीचं म्हणाल तर नेटला (यूजीसीची पात्रता परीक्षा) क्रिमिनॉलॉजी हा वेगळा विषय आहे, बऱ्याच जणांना हेच माहीत नसतं. त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000, नंतर 42,000, वर एचआरए (घरभाडं भत्ता). पैसे ठीकच. खरं दुखणं कैद्यांशी बोलायला जाताना, जेलच्या गेटावर आहे. अर्ज करा, गाईडचं पत्र जोडा, परत अर्ज करा, आणि एवढं करून आत सोडलं तरी शेजारी शिपाई उभा, मग कैदी काय डोंबल बोलणार! म्हणून बरेच जण शेवटी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकड्यांवर येतात, आणि त्याची पण गंमतच आहे, एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजताना सगळ्यात गंभीर एकच गुन्हा धरतात, बाकीचे चार गायब.

संस्थेत उलटं. मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) प्रयास हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतोय. अशा कामात तुम्ही आत जाता, कैद्याच्या घरी फोन लावता, जामीनदार शोधता. 2022 च्या आकड्यांनुसार देशातल्या शंभर कैद्यांपैकी जवळपास 76 अंडरट्रायल, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे, पण जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत बसलेला माणूस समोर आला की त्या आकड्याचा अर्थ कळतो. फक्त लिहायला वेळ मिळत नाही, आणि फंडिंग संपलं की नोकरीपण.

तिसरा रस्ता बंगळुरूचं दक्ष, दिल्लीचं विधी असल्या कायदा-धोरणावर रिसर्च करणाऱ्या संस्थांचा. कोर्टाचा डेटा, कायद्याचं विश्लेषण. लॉची डिग्री असेल नाहीतर डेटात हात चालत असेल तर मस्त, बाकी घरभाडं बघून ठरवा.

माझं मत, आधी दोन वर्षं फिल्ड. बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 479 बघा, जुलै 2024 पासून लागू, आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर सोडायचं, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. प्रत्यक्षात किती सुटतात, कागद कुठे अडतो, हे फिल्डवाल्याला आधी दिसणार, थिसिसचा विषय तिथेच पडलाय.

तिशी जवळ आली असेल तर मात्र नेट आधी द्या, जेआरएफला 30 ची अट आहे (मुलींना आणि राखीव प्रवर्गाला सूट). जेआरएफचं लेटर तीन वर्षं चालतं, तेवढ्यात फिल्ड उरकून घ्या.