प्रकरणवार उजळणी की सरमिसळ?

गणिताच्या परीक्षेआधीची उजळणी साधारण दोन तऱ्हांनी होते. एकेक प्रकरण घेऊन त्याचा सरावसंच संपवत जायचं, नाहीतर सगळ्या प्रकरणांतली उदाहरणं मिसळून समोर येईल ते सोडवायचं. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

प्रकरणवार उजळणीला मी नावं ठेवणार नाही. रीत नुकतीच कळलेली असते तेव्हा एकाच जातीची पाच-सहा उदाहरणं ओळीने केल्याशिवाय हात बसत नाही. शिवाय 'एक प्रकरण झालं' म्हणून निवांत झोपता येतं, परीक्षेच्या तोंडावर तेही लागतंच.

मला खटकलं ते प्रकरणाचं शीर्षक. शिडीचंच उदाहरण घ्या. १३ मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे, तिचा पाया भिंतीपासून ५ मीटरवर आहे, तर ती किती उंचीवर टेकली? पायथागोरस लावा, १२ मीटर. आता १० मीटरची शिडी जमिनीशी ३० अंशांचा कोन करते. इथे साइन, उत्तर ५ मीटर. पुस्तकात या दोन शिड्या दोन वेगळ्या प्रकरणांत असतात, त्यामुळे काय लावायचं हे शीर्षकच सांगून टाकतं. पेपरात नुसती शिडी येते. कोन दिलाय की दुसरी बाजू, हे आपलं आपण बघायचं, आणि नेमका त्याचाच सराव झालेला नसतो. घरी सगळी उत्तरं बरोबर आणि पेपरात 'हे कुठल्या प्रकरणातलं?' म्हणून पेन अडलेलं! या एका वैतागापायी मी सरमिसळीकडे वळलो.

ती सुखाची नाही. वेग निम्म्यावर येतो, चुका वाढतात, आणि सुरुवातीला आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं. तरी पेपरात अडणं कमी झालं, एवढं मी खात्रीने सांगेन. आकडाच हवा असेल तर मानसशास्त्रज्ञ डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत सातवीच्या ५४ वर्गांवर केलेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. महिन्याभरानंतरच्या चाचणीत सरमिसळीने सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के मिळाले, प्रकरणवारवाल्यांना ३८.

तयारी फारशी लागत नाही. जुन्या सरावसंचांतली उदाहरणं सुट्या कागदांवर उतरवायची, मागे फक्त पान क्रमांक लिहायचा आणि कागद पिसायचे. कंटाळा आला की सोडवायचंही नाही, नुसती रीत ओळखून पुढचा कागद. मला तर याचाच उपयोग जास्त झाला, पण प्रत्येकाला होईलच असं नाही.

भूमितीतल्या सिद्धता मात्र मी या गठ्ठ्यात घातल्या नाहीत, त्या प्रमेयागणिक लिहून काढणंच मला बरं पडलं. आणि एखादं प्रकरण मुळातच कळलं नसेल, तर त्याचे कागद आधी बाजूला काढा. त्याची रीत पुस्तकातूनच शिकावी लागेल.