बॅशमधला कोड ‘झाकून’ ठेवण्याचे आठ महिने

कोडचा मोठा तुकडा न पुसता तात्पुरता बंद ठेवायचा असेल तर पायथनवाले तीन अवतरणं लावून मोकळे होतात, पर्लवाल्यांकडे पॉड (कोडमध्येच माहिती लिहायची सोय) आहे. बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) मात्र अनेक ओळींची कमेंट, म्हणजे न चालणारा मजकूर, लिहायची सोय अजूनही नाही. मग सगळे करतात तेच मीही केलं, हिअरडॉक: एका खूणशब्दापर्यंतचा सगळा मजकूर कमांडला इनपुट म्हणून द्यायचा. वर : <<बंद लिहायचं, खाली एका ओळीत नुसतं बंद (हो, खूणशब्द देवनागरीत चालतो). कोलन ही काहीच न करणारी कमांड. तिच्यापुढे अख्खा कोड ओता, ती ढुंकून बघत नाही. दोन ओळींत काम, फुकटात. पाचपैकी पाच दिले असते.

गेल्या महिन्यात ऑडिट होतं, म्हणून रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमधला जुन्या फाइली उडवणारा भाग असाच झाकला. सकाळी बघतो तर ३० दिवसांपलीकडचं सगळं साफ! ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनला दोन तास शिव्या घातल्या. क्रॉन बिचारा निर्दोष. झाकलेल्या भागात count=$(…) अशी ओळ होती, कंसात फाइली शोधणारी फाइंड कमांड, तीही डिलीटसकट. खूणशब्दाला अवतरण नसेल तर बॅश आतल्या मजकुरातले $ आणि बॅकटिक उलगडतं, म्हणजे कंसातली कमांड खरोखर चालवतं आणि मग निकाल कोलनपुढे टाकतं. <<'बंद' लिहिलं असतं तर काही झालं नसतं. दोन एकेरी अवतरणं! ती टाइप करायचा माझा कंटाळा. बाहेरच्या डिस्कवर प्रत होती म्हणून निभावलं.

मग रागाच्या भरात सगळीकडे ‘इफ फॉल्स’ केलं, म्हणजे कधीच खरी न होणारी अट. आतलं काहीच चालत नाही, शिवाय बॅश -एन मारलं की स्क्रिप्ट न चालवता व्याकरण तपासून मिळतं. आठवडाभर वाटलं, हेच खरं. पण अर्धवट लिहिलेला कोड आत ठेवला की स्क्रिप्ट तिथेच अडते, आणि आत नुसत्या कमेंटच उरल्या तरी इफ संपवणाऱ्या फी-पाशी सिंटॅक्स एरर. बंद खोलीतसुद्धा पसारा चालत नाही म्हणजे काय!

ऑफिसातला एक जण म्हणतो, कोड काढूनच टाक, जुन्या आवृत्त्या जपायला गिट आहे ना. बरोबर आहे त्याचं, पण मला घरातली रिकामी डबीही टाकवत नाही.

तेव्हा सध्या वीसेक ओळींपर्यंत व्हिम एडिटरमध्ये प्रत्येक ओळीपुढे कमेंटचा हॅश लावतो: कंट्रोल-व्ही, खाली यायचं, मोठा आय, हॅश, एस्केप. त्याहून मोठं असेल तर परत हिअरडॉकच, अवतरणांसकट. खालच्या बंदपुढे एक स्पेस राहिली तरी बॅशला तो सापडत नाही आणि फाइलच्या शेवटापर्यंत सगळं गिळतं, तेही एकदा भोगलंय. म्हणून सेव्ह करण्याआधी दोन्ही ओळींवर बोट ठेवून बघतो. शेजारचा विचारतो, स्क्रीन का पुसतोयस.