घडीची करवत, आठ महिन्यांनंतर: कापते सुरेख, पण धार लागत नाही

परवा सुताराने करवत माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, "गुरुजी, याले कानस लागत नही. फेकी द्या." सातशे वीस रुपयांची वस्तू आठ महिन्यांत फेकून द्यायची! मला ते पटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत स्काउट शिकवतो. सात इंची पात्याच्या, ओढताना कापणाऱ्या चार करवती जूनमध्ये ऑनलाइन मागवल्या, चार टोळ्यांना एकेक. निम्मे पैसे पालकांचे, निम्मे माझे. कोयत्या-कुऱ्हाडीपेक्षा पोरांच्या हातात करवत बरी, घडी घातली की दात आत, असा विचार होता.

पहिले चार महिने खरंच आनंदात गेले. मनगटाएवढी निंबाची फांदी चाळीसेक ओढींत खाली. फक्त एक सवय मोडावी लागली. मुलांनी घरी पाहिलेली करवत पुढे रेटताना कापते, त्यामुळे तीही हिला रेटायची आणि पातळ पातं लवायचं. "ओढताना जोर, नेताना हात सैल," हे मी रोज म्हणायचो. आधी खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही. हात पसरून गोल फिरायचं, त्या घेरात कुणी आलं की काम थांबवायचं. दिवाळीपर्यंत सातवीची मुलं हे नियम पाचवीच्यांना सांगायला लागली होती.

लाकूड आम्ही बांधावरच्या छाटणीचं घेतो: निंब, बाभूळ, सुबाभूळ. यावल अभयारण्य जवळच आहे, पण तिथली काडीही तोडायची नाही, हा पहिल्या दिवसाचा धडा.

घोळ झाला ७ नोव्हेंबरला, स्काउट-गाइड स्थापना दिनाच्या शिबिरात. एका शेतकऱ्याने पाडलेल्या धाब्याच्या घरातले अंजन झाडाच्या लाकडी खांबाचे तुकडे दिले. अंजन इतकं जड की पाण्यात बुडतं. बादलीत निंब तरंगतो आणि अंजन तळाला जातं, हे मुलांना दाखवायचं होतं. दाखवलंही, पण चकत्या कापता कापता दोन करवती बोथट झाल्या. भुशावरून लगेच कळलं. आधी रवाळ भुसा पडायचा, आता पीठ पडत होतं.

मग तिकोनी कानस घेऊन बसलो. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. दातांच्या टोकांना निळसर-काळी झाक आहे, ती मी इतके दिवस रंग समजत होतो. ती टोकं क्षणभर विजेने तापवून कडक केलेली असतात, जवळजवळ कानशीइतकीच. म्हणून धार जास्त दिवस टिकते, आणि म्हणूनच एकदा गेली की कानशीने परत लावता येत नाही. कंपनीला तीन मेल केले. उत्तर आलं: पातं बदला. नवं पातं ४८० रुपये, वर पाठवणी ९०. हे खोक्यावर ठळक छापलं असतं तर मी घेतलीच नसती.

पातं जागेवर अडकवून ठेवणाऱ्या खटक्याबद्दलही लिहितो. केळीच्या खांबांचा तराफा केला तेव्हा चीक आत गेला आणि खटका नीट बसेना. ब्रशने घासून खोबरेल तेलाचा थेंब सोडला, प्रश्न संपला. त्याची माझी तक्रार नाही.

माझी तक्रार धारेची आहे. मुलाला हत्यार द्यायचं म्हणजे ते राखायलाही शिकवायचं. हिच्यात तो अर्धा धडाच नाही. शिवाय बोथट करवतीवर पोरं जोर लावतात, ती उसळते आणि बोटं तेव्हाच कापतात.

इथवर लिहून आठवडाभर ठेवलं होतं. मत थोडं बदललंय. रविवारी बांबूचे पेले केले. उरलेल्या दोन चांगल्या करवतींनी काप इतका साफ आला की काठाला ओठ लावला तरी कुसळ टोचलं नाही. साध्या करवतीने तंतू उपटले जातात. म्हणून या दोन फक्त बांबूसाठी ठेवल्यात. बांबूत वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे त्यांचेही दात जाणारच, पण तोवर त्या कामाला हिला तोड नाही. एक तारा देणार होतो, तीन देतोय.

बाकी कामाला सुतारानेच जुन्या करवतीचं पातं कापून दहा इंची करवती करून दिल्या. दात मुठीकडे झुकवलेले, मूठ बाभळीची, अडीचशे रुपये नग. घडी होत नाही, गोणपाटाची म्यान शिवली. हळू कापतात, निंबाच्या त्याच फांदीला साठ-सत्तर ओढी लागतात. पण ऐंशी रुपयांची कानस चालते. प्रत्येक मुलाने पाच दात घासायचे आणि पातं उन्हात धरून बघायचं. बोथट दाताच्या टोकावर प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो, धार लागलेल्या दातावर तो दिसत नाही.

काल आठवीतला एक मुलगा आजोबांची गंजलेली करवत पिशवीत घालून घेऊन आला. मधल्या सुट्टीत दोघांनी बसून अठरा दात केले. अजून बरेच बाकी आहेत.