बाळाचं चोंदलेलं नाक: थेंब, पंप, नळी, मशीन की धुरी?

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, नाक दहा-बारा दिवस झाले तरी मोकळं होत नाहीये, आणि आता नेमकं काय आणायचं यावर घरात रोज चर्चा चालूये, अशा आईबाबांसाठी लिहितेय. आमचा मुलगा मागच्या डिसेंबरात चार महिन्यांचा होता, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, त्या थंडीत यातलं जवळजवळ सगळं घरात आलं, काही वापरलं आणि काही हात जोडून बंद करायला लावलं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाकाचा आवाज किती येतोय यावर काही ठरवू नका, दूध किती जातंय ते बघा. पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, तोंडाने घ्यायची सवय नसते, त्यामुळे नाक बंद असलं की दोन घोट ओढतात, सोडतात, रडतात, परत धरतात. आवाज घुर्रघुर्र येतोय पण पोटभर पितंय, झोपतंय, लंगोट नेहमीसारखे ओले होतायत, तर काहीच करायची गरज नाही, खरंच नाही. साधी सर्दी दहा-चौदा दिवस घेतेच.

आता दूध अडत असेल तर पहिली वस्तू सलाईनचे थेंब, याच्याशी तुलना करावी असं दुसरं काही मला सापडलं नाही. शंभरच्या आत बाटली येते, गोळे कॉलनीतल्या औषधबाजारापर्यंत जायचीही गरज नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये असते. पण बाटली हातात घेऊन घटक वाचा, फक्त सोडियम क्लोराइड, बहुतेक 0.65 टक्के, एवढंच पाहिजे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेले थेंब दिसायला अगदी तसेच असतात, त्याने नाक झटकन उघडतं म्हणून मोह होतो, पण ते औषध आहे, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तान्ह्याला अजिबात नाही, आणि जास्त दिवस वापरलं की नाक उलट अजून चोंदतं. टाकायची पद्धत म्हणजे बाळ पाठीवर, एकेका नाकपुडीत दोन थेंब, बाटलीचं टोक नाकाला लावायचं नाही, मग एक-दोन मिनिटं कडेवर घेऊन फिरायचं. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. बरेचदा एक शिंक येते आणि सुकलेला शेंबूड आपोआप बाहेर, पुढचं काही लागतच नाही. उघडलेली बाटली महिन्याभराने टाकून द्या. घरी मिठाचं पाणी करायचं म्हणाल तर तान्ह्याला नको, प्रमाण चुकतं आणि पाणीही निर्जंतुक नसतं.

थेंबांनी शेंबूड पातळ झाला पण बाहेर येत नाहीये, तेव्हा ओढायची वस्तू, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. रबरी फुगा असलेला पंप स्वस्त, एका हाताने चालतो, आधी दाबायचा मग नाकाशी टेकवून सोडायचा (उलटं केलं तर हवा आत जाते). अडचण एकच पण मोठी आहे, आतून साफ होत नाही. आमचा पंप मी तीन आठवडे रोज गरम पाण्याने धूत होते, मग नवऱ्याने एकदा कात्रीने मधोमध कापला तर आतल्या भिंतीवर बारीक काळे ठिपके, बुरशी. त्या दिवसापासून तो प्रकार घरातून गेला. घ्यायचाच असेल तर उघडून दोन भाग होतात तसला घ्या.

नळीवाला म्हणजे एक टोक बाळाच्या नाकपुडीशी, दुसरं आपल्या तोंडात, मध्ये फिल्टर. ऐकूनच सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं पण फिल्टर असल्यामुळे शेंबूड तोंडात येत नाही, जोर किती लावायचा ते आपल्याला कळतं, आणि प्रत्येक भाग सुटा करून धुता येतो, म्हणून माझं मत सरळ याच्याकडे. टोक आत खुपसायचं नाही, नुसतं नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं. फिल्टर बदलत राहायचे, विसरलात तर बाळाची सर्दी तुम्हाला. आणि दिवसात तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका, आतली त्वचा सुजते आणि मग चोंदलेलं आहे की सुजलेलं आहे तेच कळत नाही.

बॅटरीची मशीन महाग, बहिणीकडे होती, गुणगुण आवाजानेच तिची मुलगी किंचाळायची आणि घट्ट शेंबूड काही ओढला जायचा नाही. रात्री एकटीनेच सगळं बघावं लागतंय अशांना सोय वाटेल, बाकी पैसे वाचवा.

ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, घ्यायचं की नाही हे नाशिकमध्ये महिना कोणता आहे त्यावर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर अजून खाली, हवा कोरडी असते, नाकातला शेंबूड वाळून खपली होते, तेव्हा थंड वाफेचा ह्युमिडिफायर कामाचा, पण रोज पाणी बदलून पुसून ठेवणार असाल तरच. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाच ओल असते, तेव्हा घेऊ नका. गरम पाण्याचं पातेलं बाळाजवळ ठेवून वाफ देणं मात्र कुठल्याच महिन्यात नको, भाजतं. आम्ही बाथरूममध्ये शॉवर गरम सोडून दार लावायचो, बाळाला मांडीवर घेऊन शॉवरपासून लांब दहा मिनिटं बसायचं, तेवढं पुरतं.

धुरीबद्दल नीट बोलायला पाहिजे कारण ती मायेने दिली जाते. आमच्या सासूबाई शेगडीत निखारे करून ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं टाकायच्या. खोली उबदार ठेवायची आणि बाळाला थंडीत उघडं टाकायचं नाही, हे त्यांचं शंभर टक्के बरोबर. पण धूर चोंदलेल्या नाकाला अजून सुजवतो आणि बंद खोलीत निखारे म्हणजे विषारी वायूची भीती, म्हणून आम्ही शेगडी बंद केली, अंघोळीआधी खोली हीटरने गरम करायला लागलो, दुपटी उबदार करून ठेवायला लागलो, सासूबाई लगेच तयार झाल्या. नाकात तेल किंवा अंगावरचं दूध सोडणं नको, तेल फुफ्फुसात उतरू शकतं. कापूर किंवा बाम छातीला, नाकाला लावणं दोन वर्षांच्या आत नाहीच, कापराने झटके येऊ शकतात. मध एक वर्षापर्यंत नाही. आणि नाक आठवडेच्या आठवडे चोंदलेलं राहत असेल तर घरातली उदबत्ती, डासांची कॉइल, कोणाची सिगारेट हे आठ दिवस पूर्ण बंद करून बघा, आमच्याकडे कॉइल बंद केल्यावरच फरक पडला.

सर्दीचं सिरप घरातलं उरलेलं किंवा मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली नको असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात सांगितलंय, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या सिरपने दगावल्यावर दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत अशी केंद्राची सूचना आली.

उशी देऊन डोकं उंच करू नका, पाठीवर सपाटच झोपवा.

थेंब, ओढणं, ऊब हे सगळं करूनही दूध निम्म्यावर आलं, लंगोट कोरडे राहायला लागले, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, कण्हतंय, तर रात्र असली तरी निघा. ओठ निळे दिसले किंवा बाळ उठवूनही उठत नसेल तर 108 लावा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप म्हणजे त्याच वेळी डॉक्टर. जन्मापासूनच नाक बंद वाटत असेल किंवा एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तरी दाखवून घ्या.

श्वास मोजायला शिका, मी फोनचं घड्याळ लावून शिकले. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर करायचं, पोट वर आलं की एक. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, तर डॉक्टरांकडे. पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण इतकी लहान बाळं झोपेत मध्येच चार-पाच सेकंद थांबतात आणि मग भराभर श्वास घेतात. आमच्या बाळाचे पहिल्या रात्री 44 आले, परत मोजले, 42, मग मी दिवा बंद केला.