रागातला खून आणि ठरवून केलेला खून
बेळगावजवळच्या खानापूर-निपाणीकडं शेताच्या बांधावरनं भांडण पेटतं, हातात कोयता असतोच, एका शिवीवर जीव जातो आणि मारणारा बरेचदा तिथंच थिजून बसतो, नाहीतर स्वतःच पोलिसात जातो. ठरवून मारणारा वेगळाच, त्याला जमीन, पैसा नाहीतर सूड हवा असतो, समोरचा त्याच्या मनात माणूस राहिलेलाच नसतो, नुसता अडथळा, म्हणून तो खुनानंतर शोधायलापण गावाबरोबर फिरू शकतो. मला तरी रागाचीच जास्त भीती वाटते, कारण तो वर्षानुवर्षं साठताना घरच्यांना दिसत असतो, तरी कुणी काही करत नाही, तेव्हाच जमिनीची मोजणी करून वाद मिटवायला पाहिजे. कायदापण फरक करतो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाला कलम १०३, फाशी किंवा जन्मठेप. अचानक, गंभीर चिथावणी कोर्टात पटली तर कलम १०५, म्हणजे खून न ठरणारा सदोष मनुष्यवध, त्याला फाशी नाही.